पहिला किल्ट शिवताना
मशीन बाजूला ठेवा. पारंपरिक स्कॉटिश किल्ट, म्हणजे पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, मागे चुण्या असलेला घागरा, हातानेच शिवतात. कापड यार्डामागे १३ किंवा १६ औंस वजनाचं लोकरी टार्टन (रंगीत रेघांच्या चौकटींचं कापड) घ्या, हलक्या कापडाच्या चुण्या नीट पडत नाहीत. खालची कड दुमडायची नसते, कापडाचा काठच तिथे येतो, म्हणून घेतानाच काठ तपासा.

खरा कस चुण्यांत! चौकटींचा नमुना मागेही सलग दिसायला हवा असेल, तर प्रत्येक चुणीची रेघ शेजारच्या रेघेशी जुळवून टाचणी लावा. चुणी नितंबापासून कमरेकडे निमुळती होत जाते. तिथे रेघ जराशी सरकली तरी लांबून डोळ्यांत खुपते. टाके बारीक, दोरा रेघेच्या रंगाचा. एखादी चुणी बिघडलीच तर लगेच उसवा, पुढे रेटू नका. आणि दाबून इस्त्री होईपर्यंत कच्चे टाके अजिबात काढू नका.