नॉर्वेजियन समास : सांधा कुठे, आघात कुठे?

प्रश्न असा : नॉर्वेजियन 'बुसस्टोप' (बसथांबा) ओळीच्या शेवटी कुठे तोडायचा आणि जोर कशावर द्यायचा?

जोर पूर्वपदावर. 'सीकेहूस' म्हणजे रुग्णालय. मुख्य आघात 'सी'वर, 'हूस'वर दुय्यम. शिकणारे दोन्हींवर सारखाच जोर देतात आणि कानाला दोन सुटे शब्द ऐकू येतात. पण म्हणून 'हूस' गिळायचाही नाही, त्यातला ऊ दीर्घच हवा. गावांच्या नावांत अपवाद आहेत : 'क्रिस्तियानसान'मध्ये आघात शेवटी.

समास लिहिताना तोडण्याची खोड त्याहून वाईट, आणि ती खुद्द नॉर्वेतही सर्रास दिसते. 'लामेलोर' म्हणजे कोकराची मांडी. 'लामे लोर' असं सुटं लिहिलं की झाल्या लुळ्या मांड्या!

आता ओळ तोडणं. 'दोन स्वरांमधल्या व्यंजनांपैकी शेवटचं एक पुढच्या ओळीत न्या' हा प्राथमिक पुस्तकांतला नियम साध्या शब्दांचा आहे. तो इथे लावला तर 'बुस-तोप' होईल, म्हणजे 'बसशिखर'. समास सांध्यावरच तुटतो. 'बुस'च्या शेवटी दोन एस, 'स्टोप'च्या आरंभी एक. एकत्र लिहिताना तिसरा एस गळतो, कारण एकच व्यंजन सलग तीनदा लिहीत नाहीत. ओळीच्या शेवटी तोडलं की तो परत येतो : 'बुस-स्टोप'.

सांधा पुसला गेलेला शब्द मात्र साधाच होतो. 'विंदू', म्हणजे खिडकी, हा जुन्या नॉर्सचा (नॉर्वेजियनच्या पूर्वज भाषेचा) 'विंदाउगा' : वारा अधिक डोळा, वाऱ्याचा डोळा! इंग्रजी 'विंडो' तिथूनच आला. गॉथिक या लुप्त जर्मानिक भाषेत खिडकी 'आउगादाउरो', नेत्रद्वार. रशियन 'अक्नो' हा 'ओका'चा, म्हणजे डोळ्याचा. आणि आपला गवाक्ष? 'गो म्हणजे किरण, किरण आत येतात ते गवाक्ष' ही व्युत्पत्ती अजून सांगितली जाते. मला ती ओढूनताणून आणलेली वाटते. इतक्या भाषांना भिंतीतलं भोक डोळाच वाटलं, तर गवाक्ष सरळ बैलाचा डोळा का नसावा? 'अक्षि' आणि 'आउगा' ही सहसा एकाच मुळाची मानतात, हेही किरणवाल्यांनी ध्यानात घ्यावं.

'विंदू'त आज कुणाला सांधा दिसत नाही, पण त्याला नवा जोडता येतो : 'विंदुसकार्म', खिडकीची चौकट. मधला एस पूर्वपदाचा, म्हणून 'विंदुस-कार्म' असंच तोडायचं, 'विंदु-स्कार्म' नव्हे. लिंग मात्र उत्तरपद ठरवतं : 'हूस' नपुंसकलिंगी, म्हणून 'सीकेहूस'ही.