फोन कोणाला करायचा?

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. मिरजोळे एमआयडीसीतल्या तुमच्या आंबा कॅनिंगच्या कारखान्यात मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता-बदलता येतो असे, सॉफ्टवेअर आणावे म्हणून मालकांना देण्यासाठी तू लिहिलेले टिपण वाचले. त्याच्या पहिल्याच ओळीत ‘हे फुकट आहे’ असे म्हटले आहेस, ती ओळ काढून टाक. फुकट वस्तूकडे व्यापारी माणूस संशयाने बघतो आणि त्याचे फारसे चुकत नाही. तू सुचवलेल्या ईआरपीनेक्स्टच्या, म्हणजे साठा, खरेदी-विक्री आणि हिशेब सांभाळणाऱ्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या, परवान्याला पैसे पडत नसले तरी जुनी माहिती आत आणायला, माणसांना शिकवायला आणि सर्व्हर सांभाळायला पडतात. तो खर्च सहा महिन्यांनी उघड झाला की तुझ्या शब्दाला किंमत राहत नाही. केंद्र सरकारच्या २०१५ च्या मुक्तस्रोत धोरणावरही तू दोन परिच्छेद खर्च केले आहेस. ते सरकारी कार्यालयांसाठी आहे, एक ओळ पुरे.

मालक विचारतील ते एवढेच, की बंद पडले तर फोन कोणाला करायचा. या प्रश्नाला हसू नकोस. मे महिन्यात क्रेट भरलेले टेंपो गेटवर उभे असताना आवक नोंदवणारा संगणक अडला, तर परवान्याच्या तत्त्वाशी कोणालाही देणेघेणे नसते. म्हणून उत्तर कागदावर ने: देखभालीचा करार कोणाशी, किती रकमेचा, फोन किती वेळात उचलला जाईल, आणि तू नोकरी सोडलीस तर पुढे कोण. शेवटचे कलम लिहिताना जिवावर येईल, पण मालकांच्या मनात नेमके तेच असते.

मग त्यांचाच प्रश्न त्यांच्या आजच्या पॅकेजला लावून दाखव. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा माझ्या ओळखीच्या एका पेढीचा संगणक बुडाला. बॅकअप वरच्या मजल्यावर कोरडा होता, परंतु ज्या डोंगलशिवाय, म्हणजे संगणकाला जोडायच्या परवान्याच्या छोट्या उपकरणाशिवाय, ते पॅकेज उघडत नसे तो डोंगल चिखलात गेला होता, आणि नवा मिळेपर्यंत उधारीच्या वह्या आठवणीतून लिहाव्या लागल्या. फोन करायला माणूस होता, त्याने तो उचललाही, पण किल्ली त्याच्याच हातात होती. ईआरपीनेक्स्टची माहिती मारियाडीबी या मुक्तस्रोत डेटाबेसमध्ये राहते आणि तिची प्रत दुसऱ्या संगणकावर चालू करायला कोणाची परवानगी लागत नाही. एका देखभालदाराशी बिनसले तर दुसरा शोधता येतो. तुझ्या टिपणात हे सातव्या पानावर आहे, ते पहिल्यावर आण.

अकाउंटंटबाईंना मात्र मालकांच्या आधी भेट. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे ऑडिट ट्रेल, १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे आणि ती बंद करता येता कामा नये. सर्व्हरची किल्ली स्वतःच्याच हातात असल्यावर डेटाबेसमध्ये थेट शिरून कोणी आकडा बदलला तर काय, हे लेखापरीक्षक विचारणारच. त्याचे उत्तर तयार नसेल तर टॅलीला यंदा हात लावू नकोस. सुरुवात गोदामातल्या डबे, झाकणे आणि लेबलांच्या साठ्यापासून कर, जिथे चूक झाली तरी मोजून दुरुस्त करता येते.

मी स्वतः हे धडे उलट क्रमाने घेतले. एका काजू कारखान्यात मी एका शनिवारी सगळ्या संगणकांवर विंडोज आणि ऑफिसच्या जागी लिनक्स आणि लिबरऑफिस ही मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बसवली. सोमवारी जुन्या फॉन्टमधले मराठी टंकलेखन चालेना, पगारपत्रकातली कामे आपोआप करणारे मॅक्रो अडले, आणि बुधवारी सगळे पूर्ववत झाले. त्या कचेरीत पुढे कित्येक वर्षे लिनक्सचे नाव काढण्याची सोय उरली नाही.

आता फेब्रुवारी संपत आला आहे, तेव्हा हंगाम उरकेपर्यंत टिपण पुढे करू नकोस. जूनअखेर पाऊस लागून कारखाना शांत झाला की मालकांची वेळ घे, आणि त्याआधी देखभालीच्या कराराचे निदान दोन लेखी दर मागवून ठेव. ते आले की मला पाठव.

तुझा,
काका