वाचनाचे ऋण कोणाला फेडावे?

प्रश्न : माझे सारे आयुष्य वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात गेले. लहानपणी आजोबांबरोबर मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाऊ लागलो, तेव्हापासून वाचनात खंड पडलेला नाही. हरिभाऊ आपटे, साने गुरुजी आणि मामा वरेरकरांच्या अनुवादांतून भेटलेले बंगाली कादंबरीकार शरच्चंद्र यांनी मला घडवले. यांपैकी आता कोणीही हयात नाही. कृतज्ञता व्यक्त करायची ती कोणापाशी? नातवंडे गुजराती आणि इंग्रजी वाचतात, त्यामुळे पुस्तके ग्रंथालयाला देऊन मोकळे व्हा, असे घरचे म्हणतात.

उत्तर : मोकळे होण्याची घाई करू नये, असे मला मनापासून वाटते. आधी, कोणत्या पुस्तकाने आपल्याला नेमके काय दिले, हे लिहून काढावे. ‘वाचनाने समृद्ध झालो’ असे मोघम वाक्य लेखकाच्या पदरात काहीच टाकत नाही. पण हरिभाऊंनी रंगवलेली केशवपनाची यातना वाचल्यावर घरातल्या एखाद्या वृद्ध आत्याशी आपले बोलणे बदलले असेल, तर ते तारीख आठवो न आठवो, एका कागदावर लिहून त्याच पुस्तकात ठेवावे. पुढे ते पुस्तक ज्याच्या हाती पडेल, त्याला ते कसे वाचले गेले हेही कळेल.

दुसरे काम, जुनी पुस्तके महाजालावर सर्वांसाठी उतरवायला हातभार लावण्याचे, अधिक कष्टाचे आणि माझ्या मते अधिक मोलाचे आहे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे त्याच्या लेखनावर स्वामित्वहक्क राहतो. हरिभाऊ १९१९ साली गेले, साने गुरुजी १९५० साली. दोघांचेही हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य आता सर्वांसाठी खुले आहे. अनुवादाचा हक्क मात्र स्वतंत्र असतो, म्हणून शरच्चंद्रांचे निधन १९३८ सालचे असले, तरी वरेरकरांचे मराठी शरच्चंद्र खुले झाले ते १ जानेवारी २०२५ रोजी, कारण मामा १९६४ साली वारले. (नव्या आवृत्तीतील प्रस्तावना किंवा टिपा दुसऱ्या कोणाच्या असतील, तर त्यांना हात लावू नये.) मराठी विकिस्रोत या महाजालावरील मुक्त ग्रंथालयात अशी जुनी पुस्तके पानापानाने उतरवली जातात, मूळ पानाचे छायाचित्र शेजारी ठेवून ऱ्हस्वदीर्घ तपासायचे असते आणि एकाने तपासलेले पान दुसरा पुन्हा तपासतो. ज्याने ती पुस्तके अनेकदा वाचली आहेत, त्याच्या नजरेतून गळालेली ओळ सुटत नाही.

आपल्या आभारांच्या यादीत सयाजीराव महाराजांचे नावही असावे. १९१० साली त्यांनी बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभारले. गावोगावी पुस्तकांच्या पेट्या फिरत, आणि गावाने वर्गणी जमवली की तिच्यात सरकार भर घाली. मांडवीच्या त्या इमारतीत लोखंडी मांडण्यांमधून चालताना पायाखाली जाड काच असते, खालच्या मजल्यावरील पुस्तकांनाही उजेड मिळावा म्हणून. पुस्तक दिसले पाहिजे आणि कोणालाही घेता आले पाहिजे, ही काळजी वाहणारी माणसे नसती, तर मराठी मुलखापासून दूर असलेल्या आपल्या शहरात हरिभाऊ आपल्या हाती कसे आले असते? म्हणून पुस्तके देण्यापूर्वी ग्रंथपालांना यादी दाखवावी आणि संग्रहात नसलेली तेवढीच द्यावीत. खुणा केलेली आपल्यापाशी राहू द्यावीत.

राहिला प्रश्न नातवंडांचा. शाळेत हिंदी असते, त्यामुळे देवनागरी अक्षर त्यांना परके नसावे. अडते ते छापील मराठीच्या सवयीपाशी. ही सवय कानांवाटे लागते. ‘श्यामची आई’ हे पुस्तक मुळातच रोज रात्री सांगितलेल्या आठवणींचे आहे, प्रकरणांना नावेही ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशीच आहेत. जेवणे झाल्यावर आपण स्वतः मोठ्याने एकच रात्र वाचावी आणि पुढची ऐकण्याचा हट्ट मुलांनी धरेपर्यंत पुस्तक कपाटात ठेवावे.