छेत्री आणि भुतियाच्या आधी भारतात खरंच मोठे फुटबॉलपटू होते का?

होते, आणि खरं सांगायचं तर या दोघांनी पाहिलं नाही एवढं यश त्यांनी पाहिलं. तुम्ही विचारलंय की जुनी माणसं उगाच फुशारकी मारतात का. नाही मारत. १९५१ला दिल्लीत आणि १९६२ला जकार्तात भारताने आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. मध्ये १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो.

मी १९६२च्या अंतिम सामन्यापासून सुरुवात करेन. समोर दक्षिण कोरिया. याच कोरियाने साखळीत आपल्याला २-० हरवलं होतं. त्यात प्रेक्षक पूर्ण विरोधात. यजमान इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवानला स्पर्धेबाहेर ठेवलं, त्याला भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी हरकत घेतली होती. त्याचा राग खेळाडूंवर निघाला. बचावातला भरवशाचा जर्नेल सिंग डोक्याला टाके घेऊन उभा. हेडर हाच ज्याचा हुकमी डाव, त्याचंच डोकं फुटलेलं. दुसऱ्या कुणीही त्याला बाकावर बसवला असता. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला उचलून सेंटर फॉरवर्डला, म्हणजे गोल करायच्या जागी टाकला! उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याने गोल केला आणि अंतिम सामन्यातही केला. पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा याचा, निकाल २-१. रहीम तेव्हा कर्करोगाने आजारी होते. पुढच्याच वर्षी गेले. माझ्या मते भारतीय फुटबॉलची उतरण तिथूनच लागली, १९६४च्या आशिया चषकात उपविजेते झालो तरीही.

त्या संघाचं त्रिकूट म्हणजे चुनी गोस्वामी, पी. के. आणि तुलसीदास बलराम. पी. के. मोहन बागान किंवा ईस्ट बंगालकडे कधी खेळलेच नाहीत, ईस्टर्न रेल्वेकडून खेळले. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध १-१ बरोबरी झाली तेव्हा आपला गोल त्यांचाच होता. जकार्ताचे कर्णधार चुनी क्रिकेटमध्येही कच्चे नव्हते. १९७१-७२च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईसमोर उभ्या ठाकलेल्या बंगालचे कप्तान हेच. (जिंकली अर्थात मुंबई.) पण तिघांत मला डावं-उजवं करायला लावलंत तर मी सिकंदराबादच्या बलरामचं नाव घेईन. आजारपणामुळे लवकर निवृत्त झाला, म्हणून नाव मागे पडलं. खेळ मागे नव्हता.

आपल्याकडच्या लोकांना तर नेव्हिल डिसूझा माहीतच नसतो, याचं मला फार वाईट वाटतं. मूळचा गोव्याचा, मुंबईच्या मैदानांवर घडलेला. मेलबर्नला यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असं लोळवलं, त्यात तीन गोल या पठ्ठ्याचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा हा पहिला आशियाई. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच; मग आपण ४-१ हरलो ती गोष्ट वेगळी. एकूण चार गोल करून तो स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांत संयुक्तपणे पहिला राहिला.

आता 'बूट घालायचे नव्हते म्हणून १९५०चा वर्ल्ड कप सोडला' ही व्हॉट्सॲपवर फिरणारी कथा. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले, एवढं खरं. पण १९५०च्या संघाचे कप्तान शैलेन मन्ना यांनीच पुढे सांगितलं की बुटांचं कारण ही नंतरची सारवासारव होती. फेडरेशनला त्या काळी ऑलिंपिकपुढे वर्ल्ड कपचं मोलच वाटत नव्हतं.

जकार्ताच्या सुवर्णविजेत्या संघातही एक गोवेकर होता, मधल्या फळीतला फॉर्च्युनाटो फ्रँको. तो मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळायचा. २०२१ मध्ये तो गेला, तेव्हा किती मराठी पेपरांनी चार ओळी दिल्या ते बघायला हवं.