नाशिकमध्ये हजार-दीड हजारात चांगला हंटिंग नाइफ मिळेल का? पोलाद कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की ट्रेकला आणि निफाडच्या शेतावर वापरायला हंटिंग नाइफ हवाय, हजार-दीड हजाराच्या वर जायचं नाही, आणि ऑनलाइन सगळे सारखेच दिसतात. मी नाशिकच्या अंबडला हीट ट्रीटमेंटच्या कामात आहे. पोलाद तापवणं, विझवणं आणि त्याचा कडकपणा मोजणं हेच दिवसभर चालतं. त्यामुळे माझं उत्तर ठाम आहे. स्वस्त चाकू घेताना पोलादाच्या नावाला पैसे देऊ नका. त्याला पाणी कसं दिलंय (म्हणजे तापवून, विझवून कडक कसं केलंय) आणि पातं धारेकडे किती पातळ उतरवलंय, त्याला द्या.

कायद्याचं आधी सांगतो, कारण ऑनलाइन विकणारे ते सांगत नाहीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडे शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे हंटिंग नाइफ हे नाव फक्त घडणीपुरतं घ्या : न मिटणारं, चारेक इंचाचं, टोकाकडे हळूच उतरणारं पातं. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं वेगळ्या वर्गात जातं. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. पण लहान चाकू म्हणजे बिनधास्त, असंही नाही. शहरात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाईचे आदेश वरचेवर निघतात आणि तेव्हा साधा चाकू कमरेला लावून फिरणंही महागात पडतं. सिंहस्थाच्या बंदोबस्तात तर जास्तच जपा. म्यानात घालून सॅकच्या तळाशी ठेवा. खटक्याचा चाकू घेऊच नका.

आता पोलाद. चाकूचं पोलाद साधारण ८०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवून (स्टेनलेस असेल तर हजाराच्याही वर) विझवलं की ते कडक होतं, पण ठिसूळही होतं. मग ते पुन्हा दोनशे अंशांच्या आसपास तापवून थोडं नरम करतात. या दुसऱ्या तापवण्यावर चाकूचं आयुष्य ठरतं. कडकपणा आम्ही रॉकवेल सी मापात मोजतो : हिऱ्याचं टोक दीडशे किलो भाराने दाबायचं आणि ते किती खोल गेलं ते बघायचं. कामाच्या चाकूला ५६ ते ५९ हवा. ५२-५३ असेल तर दोन दोऱ्या कापल्या की धार वळते. स्वस्त माल बहुतेक वेळा मऊ का असतो? तुटलेला चाकू गिऱ्हाईक परत आणून आपटतो, बोथट झालेला कोणी परत आणत नाही. बनवणाऱ्याला मऊ ठेवणं सोयीचं.

चिनी पोलादाचं नाव वाचायला शिका, अर्धं काम होतं. ३सीआर१३ म्हणजे कार्बन ०.३ टक्क्याच्या आसपास आणि क्रोमियम १३ टक्के. ८सीआर१३एमओव्ही म्हणजे कार्बन ०.८. कार्बन जितका कमी, तितकं पातं कडक करायला वाव कमी. ३सीआर१३ आणि ४२० या वर्गातलं पोलाद सहजासहजी गंजत नाही, पण धारही धरत नाही. तुमच्या बजेटमध्ये ५सीआर१५एमओव्ही किंवा ८सीआर१३एमओव्ही मिळालं तर उत्तम. नुसतं ‘४४०’ लिहिलंय आणि पुढे ए, बी, सी काहीच नाही, तर सगळ्यात हलकं धरून चाला. ‘सर्जिकल स्टील’, ‘जपानी स्टील’ असं लिहिलेलं सोडून द्या, त्यातून काहीच कळत नाही. आणि पात्यावर लाटांची नक्षी काढून ‘दमास्कस’ (थर जोडून घडवलेलं पोलाद) म्हणून विकलेला दीड हजाराचा चाकू अजिबात घेऊ नका. ती नक्षी बहुतेक लेझरने किंवा ॲसिडने वरून काढलेली असते.

नामांकित कंपनीचाच हवा असेल तर स्वीडनच्या मोराचा कंपॅनियन बघा. पातं दहा सेंटिमीटरच्या आसपास, मूठ साधी प्लॅस्टिक-रबरची, दिसायला अगदी मामुली. पण हीट ट्रीटमेंट नेमकी आणि धार मूळचीच अशी की पहिल्या दिवसापासून काम करतो. तिकडे तो स्वस्त म्हणूनच प्रसिद्ध आहे. इथे आयात होऊन येईपर्यंत किंमत चढते, त्यामुळे तुमच्या बजेटच्या वर जाऊ शकतो. त्याचं पातं मुठीत शेवटपर्यंत जात नाही. तरीही लोक वर्षानुवर्षं वापरतात. ‘पातं मुठीच्या टोकापर्यंत हवंच’ हा आग्रह लाकूड फोडणाऱ्यांसाठी ठीक आहे. दोरी, फांदी, भाजी, फळ यासाठी नाही.

पातं किती जाड, याकडे लोक उलटं बघतात. चार-पाच मिलिमीटरचं पातं हातात भारदस्त वाटतं, म्हणून घेतात. ते कांदा कापत नाही, फोडतं. तुम्हाला अडीच ते तीन मिलिमीटर पुष्कळ झालं. दुकानात बघताना पाठीची जाडी सोडा, धारेच्या अगदी वरचा भाग चिमटीत धरून बघा. तिथेच जाड लागला तर कितीही धार लावा, चाकू अडणार. मग धार वर करून उजेडाखाली टाचेपासून (मुठीकडच्या टोकापासून) टोकापर्यंत नजर फिरवा. चांगली धार दिसतच नाही. जिथे बारीक पांढरी रेघ किंवा ठिपका चमकतो, तिथे ती बोथट आहे किंवा दाता पडलाय. टोकाकडून सरळ रेषेत बघा, पातं वाकडं असेल तर लगेच कळतं. मूठ आणि पातं जिथे भेटतात तिथे नख अडकेल एवढी फट असेल तर ठेवून द्या, पावसाळ्यात पाणी तिथेच शिरतं.

माझं मन विचाराल तर नाशिककराने या पैशात लोहाराकडून करून घ्यावा. बुधवारच्या बाजारात गंगेवर (गोदाकाठी) विळे-खुरपी मांडून बसतात, त्यांना विचारा; दिंडोरी-निफाड रस्त्याच्या कडेला पाल टाकून गाडीलोहार असतात, त्यांच्याशी बोला. गाडीच्या पाट्याचा, म्हणजे कमानीच्या पट्टीचा, चाकू मागा. कमानीचं हे पोलाद चिवट असतं आणि चाकूला छान चालतं. लोहाराला अट एकच घाला : नुसता पाटा कापून, घासून देऊ नका, तापवून पाणी द्या. कारण पाटा गाडीखाली असताना त्याला स्प्रिंगपुरताच कडकपणा दिलेला असतो, साधारण ४० ते ४८. कोयत्याला तेवढा चालून जातो, चाकूला कमी पडतो. पाण्याऐवजी तेलात विझवायला सांगा, तडा जायची भीती कमी. विझवल्यावर पातं घासून पांढरं करायचं आणि पाठीकडून हळूहळू तापवायचं. धारेवर वाळलेल्या गवताचा पिवळा रंग चढला की थांबायचं. निळा चढला तर धार मऊ पडली. जुन्या लोहारांना हे रंग पाठ असतात, ते तुमच्याकडे बघून हसतील आणि बरोबर करून देतील. मजुरीत घासाघीस करू नका.

चाकू हातात आला की टाचेजवळ धारेच्या कडेला बारीक कानस फिरवा. सहज चावून कीस निघाला तर पाणी बसलेलं नाही. घसरत घसरत जेमतेम लागली तर ठीक. त्यानंतर पितळी सळईवर धार तिरकी टेकवून हलका दाब द्या. धार किंचित फुगून परत जागेवर यायला हवी. वाकून राहिली तर मऊ, टवका उडाला तर जास्त कडक. मऊ असेल तर त्याच लोहाराकडे परत न्या, तो पुन्हा पाणी देऊ शकतो. ऑनलाइन घेतलेल्याला ही सोय नाही.

पाट्याचा चाकू गंजतो, हे धरूनच घ्या. द्राक्ष, लिंबू, कांदा कापला की लगेच पुसा. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात कातडी म्यानात ठेवून विसरलात तर दोन दिवसांत तांबेरा चढतो. शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून ठेवा. खायचं तेल नको, ते चिकट होऊन बसतं.

धार लावायला गल्लीत येणाऱ्या चाकवाल्याकडे देऊ नका. कोरड्या चाकावर धारेची कड क्षणात निळी पडते आणि सगळी हीट ट्रीटमेंट तिथेच संपते. हजारातले दोन-अडीचशे बाजूला काढून दोन बाजूंचा दगड घ्या, एक खरखरीत, एक बारीक. कोन कळत नसेल तर कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडा, साडेबावीस अंश मिळतात. पातं त्याच्यापेक्षा जरा खाली धरा आणि दगडावर पाणी टाकून सावकाश ओढा.