सूत्र पाठ आहे, तरी उदाहरण का चुकते?

‘सूत्रे तोंडपाठ आहेत, तरी भूमितीत गुण जातात, लेकराला गणित जमणारच नाही का?’ ही चिंता दहावीच्या वर्षी अनेक पालक बोलून दाखवतात, आणि शिकवण्यांची रेलचेल असलेल्या लातूरसारख्या शहरात, जिथे शेजारच्या मुलाचे गुणही सर्वांना ठाऊक असतात, ती अधिकच जड होते. औसा तालुक्यातून मुलीला घेऊन आलेल्या एका वडिलांनीही हेच विचारले. मी आधी मुलीची वही मागितली.

उदाहरण असे होते: दोन समरूप (म्हणजे बाजूंचे प्रमाण सारखे असलेल्या) आयतांपैकी लहानाची लांबी ८ सेमी व रुंदी ६ सेमी आहे, मोठ्याचे क्षेत्रफळ १०८ चौसेमी असेल, तर त्याच्या बाजू काढा. तिने १०८ ला ४८ ने भागून २.२५ हे गुणोत्तर बरोबर आणले होते, मात्र त्यानेच दोन्ही बाजूंना गुणून १८ व १३.५ असे उत्तर लिहिले होते. मागच्या पानांवरही हीच चूक होती. सतत एकाच जागी होणारी चूक मला तरी आशादायक वाटते, कारण तिथे गोंधळ नसून एक ठाम, पण चुकीची समजूत असते.

“बाळा, या दोन बाजूंचा गुणाकार कर बरं.” उत्तर २४३ आले आणि ती चपापली.

मग टेबलावरचे दोन ए-४ कागद लांब बाजूंनी जोडून ए-३ केला आणि तिला मोजायला लावले. क्षेत्रफळ दुप्पट झाले होते, लांबी मात्र २९७ मिमीवरून ४२० मिमीवरच गेली होती, म्हणजे सुमारे १.४१ पट (१.४१ × १.४१ म्हणजे जवळपास २), झेरॉक्सवाले ए-४ चे ए-३ करताना १४१ टक्के लावतात ते यामुळेच. “म्हणजे मॅडम, वर्गमूळ घ्यायचं राहिलं,” असे म्हणत तिने २.२५ चे वर्गमूळ १.५ काढले आणि १२ व ९ या बाजू स्वतःच लिहिल्या.

सगळे कोन काटकोन म्हणून सगळे आयत समरूप, अशीही तिची समजूत होती. ८ × ६ च्या चित्राभोवती सगळीकडून २ सेमीची चौकट काढून १२ × १० चा आयत होतो, पण ८/६ आणि १२/१० समान नाहीत, हे पाहिल्यावर तीही समजूत सुटली.

वडिलांना शिकवणी बदलण्याची घाई न करण्यास सांगितले. बाजू काढल्या की गुणाकार करून दिलेल्या क्षेत्रफळाशी ताडून पाहायचे, एवढाच नेम मुलीला लावून दिला; आणि घरी गुण विचारण्याऐवजी तिने केलेला हा ताळा रोज पाहावा, असे वडिलांशी ठरले.