कर्ज फिटलं, आता घराची घडी कशी बसवायची?

‘क्रेडिट कार्डांचं सगळं कर्ज एकदाचं फिटलं. दोन कार्डं बंद केली, खरेदीची अॅप्स फोनवरून काढून टाकली. पण घरात आता वेगळाच ताण आहे. मी प्रत्येक गोष्टीला नाही म्हणते. नवरा म्हणतो, इतकं आवळायची काय गरज? मुलं माझ्याबरोबर दुकानात यायलाच तयार नसतात. जरा सैल सोडलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न होतील अशी धास्ती वाटते, आणि असं किती दिवस राहणार तेही कळत नाही.’ परदेशात राहणाऱ्या एका वाचक ताईंच्या पत्रातला हा मजकूर आहे. अशीच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच घरांतून ऐकू येते, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

ताई, आधी तुम्हा दोघांचं मनापासून अभिनंदन. कार्डाची थकबाकी संपवणं किती कठीण असतं ते एका हिशेबावरून कळतं. महिना २ टक्के व्याज आणि किमान रक्कम म्हणून थकबाकीच्या ३ टक्के भरायचे, असं धरा. १०० ची थकबाकी असेल आणि नवीन काहीही न घेता वर्षभर फक्त किमान रक्कम भरली, तर खिशातून सुमारे ३५ जातात आणि थकबाकी उरते ८८ च्या आसपास. काहीच भरलं नाही तर तीन वर्षांच्या आत ती दुप्पट होते. अशा फेऱ्यातून तुम्ही बाहेर आलात, म्हणजे तुमच्या घरात शिस्त भरपूर आहे. ती आणखी वाढवायला मी सांगणार नाही.

कर्ज फेडताना करतो ती काटकसर नकारावर चालते, आणि ते चालून जातं, कारण तिचा शेवट दिसत असतो. पण रोजचं घर नकारावर चालवलं की घरातली माणसं दमतात आणि एके दिवशी बांध फुटतो. यापुढची काटकसर वेगळी करायची आहे. घरात काय आहे ते नीट माहीत असणं, ते पुरेपूर वापरणं, बिघडलं तर दुरुस्त करणं, नसेल तर मागून आणणं, आणि एवढं सगळं करून भागलं नाही तर विकत घेणं. यात नाही म्हणायची वेळच कमी येते.

आपल्याकडून परदेशात खर्च जास्त का होतो, याचाही विचार करा. आपण दोन बॅगा घेऊन येतो आणि रिकाम्या घरात अख्खा संसार एका झटक्यात विकत घेऊन मांडतो. शिडी, ड्रिल, शिवणयंत्र, बाळाचा पाळणा, पाहुण्यांसाठी गाद्या, सगळं नवं. मावशीकडून, काकूकडून किंवा शेजारून दोन दिवसांसाठी आणावं, अशी सोयच हाताशी नसते. हाताला विकत घ्यायची सवय लागते ती तिथूनच. दुसरं कारण म्हणजे संध्याकाळ. कामं आटोपून निवांत बसावं तेव्हा, युरोपसारख्या ठिकाणी राहत असाल तर, भारतात मध्यरात्र असते. आई झोपलेली, बहीण झोपलेली, फोन कुणाला करणार? मग बोटं आपोआप खरेदीकडे वळतात. तुम्ही अॅप्स काढून टाकलीत ते उत्तमच, पण तो तास अजून रिकामाच आहे. त्या तासाला दुसरं काम द्यायला हवं, आणि मी पुढे सांगणार आहे त्यातली बरीच कामं नेमकी त्याच वेळी करण्याजोगी आहेत.

सुरुवात फ्रीजरपासून करा. बहुतेक घरांत त्यात बर्फाचा थर चढलेले पाच-सहा डबे असतात आणि कशात काय आहे हे उघडल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून ते तसेच राहतात, ताजं आणलं जातं, आणि महिन्याभरानं जुनं कचऱ्यात जातं. एका संध्याकाळी सगळे डबे बाहेर काढा, काय काय आहे ते लिहा, आणि कागदी चिकटपट्टीवर नाव व तारीख घालून परत ठेवा. चिकटपट्टी आणि मार्कर फ्रीजच्या वरच ठेवा, ड्रॉवरमध्ये गेले की ही सवय टिकत नाही. फ्रीजरचं तापमान उणे १८ अंश सेल्सिअस आणि फ्रीजचं ४ अंशांच्या आसपास हवं. आठवड्याची खरेदी करायच्या आदल्या दिवशी नवीन काही न आणता फक्त उरलंसुरलं संपवायचं, आणि खरेदीची यादी फ्रीजचं दार उघडं ठेवूनच करायची. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून गेलं. किराणा मालाच्या बिलाला कात्री लावायची तर महागडं काय आणतो ते बघण्याआधी टाकून काय देतो ते बघावं, असं मी सांगते ते यासाठीच.

पाकिटांवरच्या तारखांमुळेही चांगलं अन्न फेकलं जातं. पुष्कळ देशांत दोन प्रकारच्या तारखा छापतात. एक ‘या तारखेपर्यंत उत्तम’ अशा अर्थाची, ती चवीबद्दल आणि दर्जाबद्दल असते. ती उलटली तरी नीट ठेवलेला कोरडा माल बऱ्याचदा खाण्याजोगा असतो, बघून आणि वास घेऊन ठरवावं. दुसरी ‘या तारखेच्या आत वापरा’ अशी, ती सुरक्षिततेबद्दल असते आणि ती पाळायचीच. दुकानात मोठं पाकीट स्वस्तच पडेल असं धरून चालू नका. पुष्कळ ठिकाणी फळीवरच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात किलोमागे किंवा लिटरमागे किंमत दिलेली असते, ती वाचा. आणि स्वस्त पडलं तरी अर्धं टाकून द्यावं लागणार असेल तर ते महागच.

आता दुरुस्ती. हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, कारण इथे पैसे वाचतात आणि शिवाय मन शांत होतं. मुलाच्या थंडीच्या जॅकेटची चेन लावली की मागून उघडत जाते, असं झालं की आपण जॅकेट बाजूला टाकतो. जरा जवळून बघा. दाते सगळे जागेवर असतील, तर दोष बहुधा त्या सरकणाऱ्या रनरमध्ये असतो. वापरून वापरून त्याची खालची फट रुंद झालेली असते आणि दाते एकमेकांत घट्ट बसत नाहीत. रनर चेनच्या सुरुवातीला आणा, लहान पक्कड घ्या, आणि त्याच्या मागच्या बाजूच्या दोन्ही कडा एकेक करून हलकेच दाबा. अगदी थोडं दाबून चेन लावून बघा, लागली नाही तर आणखी थोडं. एकदम जोर लावला तर रनर तुटतो किंवा सरकेनासा होतो. पाच मिनिटांचं काम आहे, आणि मूल शेजारी बसून बघत असेल तर पुढच्या वेळी ते स्वतःच पक्कड मागतं. रनर अगदीच गेला असेल तर नुसता रनरही बदलता येतो.

फ्रीज सारखा चालू राहतोय असं वाटलं तर दारात कागदाचा कपटा धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज निसटला तर दाराचं रबर नीट बसत नाही. बऱ्याचदा त्याच्या घडीत घाण साठलेली असते. कोमट साबणपाण्यानं ते पुसून घेतलं की फरक पडतो. आपल्या हातून होण्याजोगं नसेल तर गावात रिपेअर कॅफे आहे का ते शोधा. २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये पहिला भरला आणि आता अनेक देशांत भरतात. जाणकार स्वयंसेवक तुमच्या शेजारी बसून वस्तू दुरुस्त करतात आणि करताना शिकवतातही. एकाकी वाटणाऱ्या कुटुंबाला तिथे चार माणसं भेटतात, हा फायदा मला पैशाइतकाच मोठा वाटतो. नवीन काही घ्यावंच लागलं, तर घेण्याआधी त्याचे सुटे भाग मिळतात का ते विचारा. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही विजेच्या वस्तूंवर त्या किती सहज दुरुस्त होतात याचे दहापैकी गुण छापावे लागतात. तुमच्या देशात तसा नियम नसला तरी प्रश्न विचारायला कुणाची हरकत नाही.

विजेचं थोडक्यात सांगते. कपडे धुण्याच्या यंत्रात बहुतेक वीज पाणी तापवण्यात जाते, तेव्हा रोजच्या कपड्यांना ३० अंश पुरे. ड्रायरऐवजी दांडीवर किंवा स्टँडवर वाळत घाला, फक्त खिडकी किलकिली ठेवा, नाहीतर बंद घरात ओल धरते.

मागून आणायची सोय मात्र मुद्दाम उभी करावी लागते. इथे संकोच आडवा येतो. आपण चांगल्या नोकरीवर, आणि शिडी मागायला कसं जायचं? माझा सल्ला असा की आधी द्यायला सुरुवात करा. तुमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिहा की आमच्याकडे ड्रिल आहे, दोन मोठ्या बॅगा आहेत, लहान मुलाचे बर्फातले बूट आहेत, कुणाला लागले तर घेऊन जा. दोन-तीन कुटुंबं त्याच धर्तीवर लिहितील आणि मग मागणाऱ्याला अवघड वाटत नाही. मुलांचे कोट आणि बूट तर दर हिवाळ्यात लहान होतात, ते घराघरांतून फिरतेच राहायला हवेत. सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड काढलं नसेल तर या आठवड्यात काढा. पुष्कळ ठिकाणी पुस्तकांबरोबर खेळ आणि अवजारंही मिळतात.

पैशांच्या मांडणीत तीन खाती हवीत, आणि पगार झाला त्याच दिवशी पैसे त्यांत आपोआप जायला हवेत. पहिलं, आईवडिलांना पाठवायचे पैसे. काटकसरीच्या भरात यात हात आखडता घेऊ नका, पण पाठवताना किती जातात ते बघा. शुल्क शून्य अशी जाहिरात असली तरी विनिमय दरातून कमाई केलेली असू शकते. म्हणून दोन-तीन सेवांची तुलना करताना एकच प्रश्न विचारा: एवढे पाठवले तर घरी हातात नेमके किती रुपये पडतील? दुसरं, अचानक जावं लागलं तर लागणाऱ्या तिकिटांचं. परदेशातल्या प्रत्येक कुटुंबाला हे कधीतरी लागतं. रात्री फोन येतो आणि सकाळी निघायचं असतं. त्या वेळी तिकीट कार्डावर घ्यावं लागलं की पुन्हा थकबाकी सुरू होते, आणि ती कुणाच्या उधळपट्टीमुळे झालेली नसते. घरातून जितके जण जाणार तितक्यांचं ऐनवेळचं भाडं, एवढी रक्कम जमेपर्यंत बाकीची बचत मागे राहिली तरी चालेल.

तिसरं खातं तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं. तुम्हाला आणि नवऱ्याला दर महिन्याला सारखीच, लहानशी रक्कम, जिचा हिशेब कुणी कुणाला द्यायचा नाही. पुस्तक घ्या, कुंडी घ्या, काहीही घ्या. सगळ्याच खर्चाची भीती बाळगून माणूस फार दिवस राहू शकत नाही, आणि तुमची धास्ती कमी व्हायची असेल तर धोका नसलेल्या जागी खर्च करायचा सराव हवा. पण तो हातातल्या पैशांतून. ‘आत्ता घ्या, नंतर द्या’ प्रकारच्या हप्त्यांना बिनव्याजी म्हणत असले तरी ते कर्जच आहे, त्यापासून लांबच राहा. वेबसाइट्सवर साठवलेला कार्डाचा नंबरही काढून टाका. दर वेळी उठून पाकीट आणावं लागलं की बऱ्याच खरेद्या तिथेच थांबतात.

भारतवारीबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही, पण वर्षभर सांभाळलेलं पंधरा दिवसांत तिथेच सुटतं. इथल्या चलनात भागून बघितलं की सगळंच स्वस्त वाटतं. त्यासाठी निघण्याआधीच, ज्या चलनात पगार होतो त्या चलनात सहलीची एकूण रक्कम ठरवा आणि भेटवस्तूही त्यातच धरा. बॅगा भरून वस्तू नेण्यापेक्षा आईवडिलांना आधी विचारा. कित्येकदा त्यांना कानाचं यंत्र, बाथरूममध्ये धरायला दांडा, नाहीतर गळणारा नळ बदलून देणारं कुणी हवं असतं.

मुलांना लाज वाटते याचं वाईट वाटून घेऊ नका, पण त्यांना नुसत्या नकाराच्या टोकालाही उभं करू नका. मोठ्या मुलाला एखाद्या कार्यक्रमाची ठरलेली रक्कम हातात द्या आणि कशावर किती खर्च करायचा ते त्याला ठरवू द्या. चुकला तर चुकू द्या. शाळेची सहल, खेळाचे बूट, चष्मा यांवर मात्र कुरकुर न करता खर्च करावा. त्यांच्यासमोर प्रत्येक वस्तूची किंमत बोलून दाखवण्याचीही गरज नाही.

शेवटी तुमच्या भीतीबद्दल. एखादा महिना जास्त खर्च झाला म्हणजे सवय परतली, असं समजू नका. लपवालपवी सुरू झाली तर मात्र सावध व्हा. पार्सल नवरा येण्याआधी उघडून खोकं फेकून देणं, बँकेचं पत्रक न उघडणं, किंमत कमी करून सांगणं. असं काही होताना दिसलं तर त्याच आठवड्यात मिस्टरांशी बोला, आकडे समोर ठेवून. अनेक देशांत कर्जाबद्दल मोफत सल्ला देणाऱ्या सेवाभावी संस्था असतात, आणि पुन्हा कर्ज होण्याआधीही त्यांच्याकडे जाता येतं. खरेदीची ओढ उदास वाटतं तेव्हाच येत असेल आणि आवरत नसेल, तर तुमच्या डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. यावर उपचार असतात.